न आलेली घटना : रूल इंजिनला वेळ कशी कळायला लागली

रूल इंजिनवर काम सुरू करणारे विद्यार्थी साधारण एकाच ठिकाणी येऊन अडकतात. ड्रूल्स इन्स्टॉल होतं, 'वय 18 पेक्षा जास्त असेल तर अर्ज मंजूर' छापाचा पहिला नियम चालतो, आणि मग प्रश्न पडतो की यात संशोधन करण्यासारखं आहे काय? हे तर साधं जर-तर झालं. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मला कोणत्याही मॅन्युअलमध्ये नीट सापडलेलं नाही, कारण मॅन्युअल 'कसं करायचं' सांगतं आणि 'हे असं का झालं' ते गाळतं. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो. विषय आहे कॉम्प्लेक्स इव्हेंट प्रोसेसिंग, म्हणजे सुट्या सुट्या घटना जोडून त्यातून एक मोठी, अर्थपूर्ण घटना ओळखणं. उदाहरण मात्र शेअर बाजाराचं किंवा क्रेडिट कार्डाच्या फसवणुकीचं घेणार नाही, ती पुस्तकांत भरपूर आहेत. आपण गोंदिया जिल्ह्यात जाऊ.

1 मे 1999 ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. धानाचा, तलावांचा आणि दोन नद्यांचा. वैनगंगा मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटातून वाहत येते आणि गोंदियाच्या हद्दीला लागते. तिला येऊन मिळणारी बाघ नदी काही अंतर दोन राज्यांची सीमाच आहे. वैनगंगेवर वर सिवनी जिल्ह्यात भीमगडचं धरण आहे, संजय सरोवर म्हणतात ते. बाघेच्या खोऱ्यात सिरपूर, पुजारीटोला आणि कालीसरार ही धरणं. आणि खाली भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ 33 दरवाज्यांचं गोसीखुर्द.

ऑगस्ट 2020 च्या शेवटच्या दिवसांत वरच्या भागात जोरदार पाऊस झाला, संजय सरोवरातून पाणी सोडलं गेलं, आणि गोंदियापासून गडचिरोलीपर्यंत वैनगंगेच्या काठाने पूर आला. भंडारा शहरात पाणी शिरलं, गोसीखुर्दचे सगळे दरवाजे उघडावे लागले. रोवणी होऊन महिना झालेल्या बांध्या पाण्याखाली गेल्या. दोन राज्यांमधल्या समन्वयावर पुढे बरीच चर्चा झाली. त्या चर्चेत मला इथे पडायचं नाही. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने या पुराकडे वेगळ्या नजरेने बघावं असं मला वाटतं. सिवनीत पाऊस पडणं ही ऑगस्टमध्ये बातमी नसते. धरणातून विसर्ग वाढणं हीसुद्धा रोजची गोष्ट. बाघ चढणं, खालचं धरण भरत आलेलं असणं, यांपैकी एकही गोष्ट सुटी घेतली तर घाबरण्यासारखी नाही. धोका त्यांच्या क्रमात आणि त्यांच्यामधल्या तासांत असतो. विसर्गाचं पाणी आणि बाघेचं पाणी संगमावर एकाच वेळी पोचलं तर एक कथा, आठ तासांच्या फरकाने पोचलं तर दुसरी.

हे जर-तरच्या नियमात लिहायला बसा. लगेच लक्षात येईल की तुमच्या नियमाला 'केव्हा' हा शब्दच माहीत नाही.

तो माहीत नसण्याला कारण आहे. रूल इंजिनचा जन्म ज्या प्रश्नांतून झाला त्यांत वेळेला स्थान नव्हतं. 1970 च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये मायसिन नावाची प्रणाली जंतुसंसर्गाचं निदान करायची : लक्षणं द्या, तपासण्यांचे निकाल द्या, काही शे नियमांतून वाट काढत ती उत्तर देणार. पुढे कार्नेगी मेलनच्या जॉन मॅकडरमॉट यांनी आर-1 (पुढचं नाव एक्सकॉन) बनवली. ती 1980 पासून डिजिटल इक्विपमेंट कंपनीत व्हॅक्स संगणकांच्या ऑर्डरी तपासायची, कोणत्या कपाटात कोणतं कार्ड बसेल, केबल पुरेल का वगैरे. दोन्हीकडे जग क्षणभर थांबलेलं आहे असं गृहीत धरलेलं असतं. रुग्ण समोर बसलाय, ऑर्डर टेबलावर पडलीय. तथ्यं ठरलेली, आता विचार करा.

याच काळात, आणि त्याच कार्नेगी मेलनमध्ये, चार्ल्स फोर्जी यांनी 1979 च्या आपल्या प्रबंधात रीटी अल्गोरिदम मांडला. 1982 मध्ये तो 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' या नियतकालिकात आला. रीटी म्हणजे लॅटिनमध्ये जाळं. तुम्ही ड्रूल्समध्ये काम करणार असाल तर हा पेपर वाचाच, कारण पुढची सगळी कटकट त्यातल्याच एका हुशारीतून निघते. हुशारी अशी : हजार नियम आणि हजार तथ्यं असतील तर दर फेरीला प्रत्येक नियम प्रत्येक तथ्याशी ताडून बघणं परवडत नाही. पण एका फेरीतून दुसऱ्या फेरीत तथ्यं बदलतात किती? दोन-चार. मग अर्धवट जुळलेल्या जोड्या जाळ्यात साठवून ठेवा आणि नवीन तथ्य आलं की फक्त त्याच्यापुरतं जाळं हलवा. म्हणजे वेळ वाचवायला स्मृती खर्च करा.

तथ्य असेल तोवर हे उत्तम चालतं. 'पुजारीटोला धरण बाघेच्या खोऱ्यात आहे' हे तथ्य आहे, ते जाळ्यात कायम राहिलं तरी बिघडत नाही. पण 'रात्री 2 वाजता विसर्ग वाढवला' ही घटना आहे. ती बदलत नाही, खोडता येत नाही, आणि अशा घटना येतच राहतात. दर पंधरा मिनिटांनी येणारं प्रत्येक वाचन रीटी आपल्या जाळ्यात जपून ठेवणार, न जाणो पुढे एखाद्याशी जोडी जुळेल. अख्खा पावसाळा जाळ्यात साठत जातो. इंजिनला कोणीतरी सांगायला हवं की ही घटना आता शिळी झाली, टाकून दे. आणि किती वेळाने शिळी होते हे ठरवायला इंजिनला घड्याळ हवं.

इथपर्यंत एक धागा. दुसरा धागा डेटाबेसवाल्यांचा, आणि तो आपल्याकडच्या अभ्यासक्रमात फारच कमी शिकवतात याचं मला वाईट वाटतं. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात उमेश्वर दयाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायपॅक या प्रकल्पात 'घटना-अट-कृती' अशी नियमाची तीन भागांची मांडणी केली. जर-तरच्या आधी 'जेव्हा' आला. मग प्रश्न पुढे सरकला : तो 'जेव्हा' एकाच घटनेचा कशाला, अनेक घटनांचा मिळून का नको? हायपॅकमध्येच काम केलेले शर्मा चक्रवर्ती पुढे फ्लोरिडा विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी आणि दीपक मिश्रा यांनी स्नूप नावाची घटना-भाषा केली, पेपर 1994 चा. त्यात 'आणि', 'किंवा', 'यानंतर ते', 'या दोहोंच्या मध्ये हे घडलं नाही' अशा क्रिया आहेत.

पण स्नूपमधली खरी मेख वेगळीच आहे. समजा वरून विसर्ग तीनदा वाढवला, 10 वाजता, 12 वाजता आणि 2 वाजता. मग 5 वाजता राजेगावला बाघेची पातळी चढल्याचं वाचन आलं. (राजेगावला बाघेवर आणि कुम्हारीला वैनगंगेवर केंद्रीय जल आयोगाची मोजणी केंद्रं आहेत.) 'विसर्ग वाढला आणि त्यानंतर बाघ चढली' ही संयुक्त घटना किती वेळा घडली? एकदा? तीनदा? एकदा असेल तर कोणत्या विसर्गाशी जोडून? चक्रवर्तींनी याला चार उत्तरं दिली आणि चारही बरोबर ठरवली, संदर्भ वेगळा म्हणून. फक्त शेवटचा विसर्ग धरा. किंवा सर्वांत जुना आधी वापरून टाका. किंवा प्रत्येक विसर्गापासून स्वतंत्र खिडकी उघडा. किंवा तिन्ही गोळा करून एकच घटना करा. माझं मत विचाराल तर पुराला शेवटचा संदर्भच शोभतो, कारण नदीला कितव्यांदा सोडलं याच्याशी कर्तव्य नसतं, एकूण पाण्याशी असतं. शेअर बाजारासाठी हेच उत्तर चुकीचं ठरेल. तुम्ही काही न सांगता ड्रूल्समध्ये हा नियम लिहिलात तर तो तीनदा चालेल, आणि तुमच्या तहसीलदाराला एकाच पुराचे तीन मेसेज जातील. चौथ्या वेळी तो मेसेज उघडणार नाही.

तिसरा धागा लहान पण पक्का. जेम्स ॲलन यांचा 1983 चा पेपर. दोन कालखंडांमध्ये नेमके 13 संबंध असू शकतात : एक दुसऱ्याच्या आधी, एक दुसऱ्याला टेकून, एक दुसऱ्याच्या पोटात, काही भाग सामाईक, इत्यादी. कागदावर दोन रेघा काढून स्वतः मोजा, दहा मिनिटांचं काम आहे, आणि एकदा मोजले की विसरत नाहीत. पूर म्हणजे क्षण नाही, कालखंड आहे. विसर्गही. म्हणून 'आधी' आणि 'नंतर' एवढ्यावर भागत नाही.

हे सगळं एकत्र आणून त्याला कॉम्प्लेक्स इव्हेंट प्रोसेसिंग हे नाव रूढ केलं ते स्टॅनफर्डच्या डेव्हिड लकहॅम यांनी. 1990 च्या दशकात त्यांचा गट रॅपिड या भाषेवर काम करत होता. मोठमोठ्या संगणक-प्रणाली एकमेकींना कसे संदेश पाठवतात याचं अनुकरण करायचं, असा मूळ हेतू. 2002 मध्ये त्यांचं 'द पॉवर ऑफ इव्हेंट्स' हे पुस्तक आलं. लकहॅमनी एक गोष्ट हट्टाने लावून धरली, ती पुढच्या साधनांमध्ये बरीचशी हरवली : 'अ नंतर ब' आणि 'अ मुळे ब' हे वेगळं ठेवा. विसर्गानंतर बाघ चढली, पण विसर्ग वैनगंगेत होता. बाघ चढली ती देवरी-सालेकशाकडच्या पावसाने किंवा तिच्याच खोऱ्यातल्या धरणांमुळे. वेळेचा क्रम जुळला म्हणून कारण जुळत नाही. घटनेसोबत तिचं मूळही नोंदवा, हे लकहॅमचं म्हणणं आजच्या बहुतेक प्रबंधांत एका वाक्यात उरकलेलं असतं. विषय शोधत असाल तर इथे जागा आहे.

ड्रूल्स 2001 मध्ये बॉब मॅकव्हर्टर यांनी सुरू केलं, रीटीवर उभं केलेलं जावामधलं इंजिन. 2009 च्या पाचव्या आवृत्तीत फ्यूजन हा भाग आला आणि वर सांगितलेले धागे एका ठिकाणी बांधले गेले. तथ्य आणि घटना वेगवेगळ्या जाहीर करायच्या. ॲलनचे 13 संबंध थेट नियमात वापरायचे. सरकती खिडकी ठेवायची, 'शेवटच्या 6 तासांतली' किंवा 'शेवटची 20' वाचनं. आणि नियमांमधल्या वेळेच्या अटी वाचून कोणती घटना किती काळ जपायची हे इंजिनने स्वतः काढायचं. फोर्जींच्या जाळ्याला अखेर विसरता यायला लागलं.

आता त्यातलं एकच प्रकरण निवडून त्यावर थांबतो, कारण माझ्या मते बाकी सगळं सोपं आहे आणि हे अवघड आहे : न आलेली घटना.

त्यासाठी नदीकाठून गोंदिया जंक्शनवर या. 1880 च्या दशकात नागपूर-छत्तीसगड ही मीटरगेज लाईन इथून गेली, 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेऊन रुंद केली. एकाच रुळावर एकामागून एक गाड्या सोडायच्या तर मागची पुढचीवर आदळू नये हे कसं बघायचं? इंग्लंडमध्ये रेल्वेच्या सुरुवातीच्या काळात उत्तर होतं घड्याळ. एक गाडी सोडली, ठरलेली मिनिटं गेली, दुसरी सोडा. आपल्या भाषेत हा वेळेच्या खिडकीचा नियम झाला. त्यामागे एक न बोललेलं गृहीतक आहे : काही कळलं नाही, म्हणजे पहिली गाडी सुखरूप पुढे गेली असणार. 12 जून 1889 ला आयर्लंडमध्ये आर्मा इथे हे गृहीतक मोडलं. सहलीची गाडी चढावर अडकली, मागचे डबे सोडवले ते उतारावरून उलटे घसरले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे 80 माणसं मेली, त्यांत मुलं बरीच होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा केला आणि प्रवासी मार्गांवर ब्लॉक पद्धत सक्तीची झाली.

ब्लॉक पद्धतीत घड्याळ बाजूला होतं. गंगाझरीचा स्टेशनमास्तर 'गाडी पूर्ण आली' असा संकेत देत नाही तोवर गोंदियाहून दुसरी गाडी त्या टप्प्यात सोडायची नाही, मग तासभर जावो की दोन. आणि 'पूर्ण' हा शब्द फार महत्त्वाचा. शेवटच्या डब्याच्या पाठीवर लावलेली 'एल.व्ही.' अक्षरांची पाटी स्टेशनवरच्या माणसाने बघायची. पाटी दिसली नाही म्हणजे डबे मागे सुटले असू शकतात, आणि मग संकेत द्यायचा नाही. फलाटावर उभं राहून ही पाटी तुम्ही शंभर वेळा बघितली असेल. ती पाटी म्हणजे एक घटना आहे, आणि तिचं न दिसणं हीदेखील नोंद घेण्यासारखी घटना आहे.

फरक लक्षात आला का? जुन्या नियमात शांतता म्हणजे सुरक्षितता. नव्या नियमात शांतता म्हणजे धोका, जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर. दोन्ही नियम तुम्हाला ड्रूल्समध्ये चार-चार ओळींत लिहिता येतात, दोन्ही बिनतक्रार चालतात. इंजिनला त्यांतला फरक कळत नाही. तो तुम्ही आणायचा.

आता परत नदीवर. भारतात नदीच्या पुराचा शास्त्रीय अंदाज 1958 मध्ये दिल्लीच्या जुन्या रेल्वे पुलाजवळ यमुनेवर सुरू झाला. पद्धत साधी आणि अजूनही वापरातली : वरच्या ठाण्याची पातळी आणि खालच्या ठाण्याची पातळी यांचा जुन्या पुरांवरून संबंध काढा, पाणी पोचायला लागणारा वेळ काढा, आणि वरून वाचन आलं की खालचा आकडा सांगा. म्हणजे 'वर अशी पातळी, तर क्ष तासांनी खाली तशी पातळी' हा नियमच. पण या नियमाचं पोट वरून येणाऱ्या वाचनावर आहे. पावसाळी रात्री, वीज गेलेली, मोबाइलचा टॉवर बंद, आणि वरच्या ठाण्याचं वाचन आलंच नाही तर? साधं रूल इंजिन काहीच करणार नाही, कारण त्याला चालवायला घटनाच मिळाली नाही. पडद्यावर शेवटचं वाचन दिसत राहील, हिरव्या रंगात. नेमकी ज्या रात्री गरज आहे त्या रात्री वाचन बंद पडण्याची शक्यता सर्वांत जास्त. पूर आणि शांतता एकाच कारणातून येतात.

तेव्हा पहिला नियम पुराचा लिहू नका, शांततेचा लिहा. मराठीत सांगायचं तर असा : 'जेव्हा कुम्हारीहून वाचन क आलं, आणि क नंतर 0 ते 90 मिनिटांत कुम्हारीहून दुसरं वाचन आलं नाही, तेव्हा कुम्हारी ठाणं मुकं झालं ही नवी घटना निर्माण कर.' (90 हा आकडा नमुन्यादाखल.) हा नियम इंजिनला लगेच चालवता येत नाही, बघा. 'आलं नाही' हे खरं ठरायला 90 मिनिटं पूर्ण जावी लागतात. फ्यूजनमध्ये इंजिन स्वतःच तेवढा वेळ थांबतं आणि मग नियम चालवतं, पण त्यासाठी ते प्रवाहाच्या पद्धतीत सुरू करावं लागतं. मूळच्या पद्धतीत इंजिनला 'आत्ता' नावाची गोष्टच नसते, आणि 'आत्ता' नसेल तर 'अजून आलं नाही' या वाक्याला अर्थ उरत नाही.

मग यावर दुसरा नियम बसवा : 'कुम्हारी मुकी झाली, आणि त्याआधीच्या 6 तासांत वरच्या धरणाचा विसर्ग वाढला होता, तर खालच्या गावांसाठी इशाऱ्याची पायरी एकने चढव.' माहिती नसणं हेच इथे माहितीचं काम करतंय. जलशास्त्रज्ञ याला नाक मुरडतील, खोटे इशारे वाढतील म्हणतील, आणि ते खरंही आहे. किती खोटे इशारे गाव सहन करतं हे इंजिन सांगू शकत नाही. पण आर्माच्या आधीही उत्तर हेच मिळालं असतं, की ब्लॉक पद्धतीने गाड्या उगाच खोळंबतात.

अजून एक अडचण. ते मुकं ठाणं पहाटे 5 ला परत बोलायला लागलं आणि रात्री 1, 2, 3 ची साठलेली वाचनं एकदम आली, तर? घटनेची वेळ आणि ती पोचण्याची वेळ आता वेगळ्या झाल्या. ड्रूल्सचं प्रवाही रूप गृहीत धरतं की एका प्रवाहातल्या घटना वेळेच्या क्रमानेच येतील. उशिरा आलेल्यांचं काय करायचं यावर 2010 च्या दशकात गूगलच्या मिलव्हील आणि डेटाफ्लो या कामांतून बराच विचार झाला : 'या वेळेपर्यंतचं सगळं बहुधा पोचलंय' अशी एक सरकती खूण ठेवायची. मात्र आधीच दिलेला 'मुकी झाली' हा निष्कर्ष मागे घ्यायचा की तसाच ठेवायचा, हा प्रश्न उरतोच. माझ्या मते ठेवायचा. त्या रात्री ठाणं मुकं होतं हे खरंच आहे, आणि इशारा त्या अज्ञानावर दिला होता, पातळीवर नाही. मागे घ्यायचा तो इशारा, तोही नवीन वाचनाच्या नव्या नियमाने.

सुरुवात करायची असेल तर एकच पुराचा आठवडा घ्या. गोदावरी खोऱ्याची पातळी आणि प्रवाहाची माहिती इंडिया-डब्ल्यूआरआयएस या सरकारी पोर्टलवर बघायला मिळते. ड्रूल्समध्ये खोटं घड्याळ लावायची सोय आहे. ते लावलं की आठवड्याच्या नोंदी काही सेकंदांत पळवता येतात आणि हव्या त्या तासाला थांबवता येतात. नियम तीनच लिहा. पाणी पोचायला लागणारे तास एक ठरावीक आकडा म्हणून टाकू नका, मोठा पूर पात्रात लवकर पोचतो आणि काठ सोडून बांध्यांमध्ये पसरला की मंदावतो. मग मुद्दाम एका ठाण्याची मधली पाच तासांची वाचनं खोडा आणि तोच आठवडा पुन्हा पळवा. इशारा किती तास आधी किंवा उशिरा येतो ते वहीत लिहा. नंतर खोडलेली वाचनं उशिरा, उलट्या क्रमाने आत सोडा आणि इंजिन काय करतं ते बघा.